पहिली प्रत चिंतामणला गेली

मंडळी, या ग्रुपवर मी गेली काही वर्षं फक्त वाचायला येते. दुपारी एका रंगाची छपाई झाली की शाई वाळेपर्यंत हात बांधून बसावं लागतं, तेव्हा मोबाइल उघडायचा आणि तुमचे अनुभव वाचायचे. खरं सांगू? वाचायचे आणि हसायचे. कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात... अहो, उंदीर असतील, पिंजरा लावा! कुणाला वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते... असेल बिचारी, शेवटची बस चुकली असेल. मी देवाला हात जोडते, उपास करते, पण चमत्कार, संकेत, साक्षात्कार यातलं काही म्हणजे काही मानत नव्हते. आजही मानत नाही — एक रविवार सोडून.

तो रविवार आज लिहून टाकते. हसायचं असेल तर हसा, माझी हरकत नाही. मीही तुम्हाला भरपूर हसले आहे.

आम्ही उज्जैनचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. देवास गेटच्या मागच्या गल्लीत आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे, सासऱ्यांनी थाटलेलं. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, आणि रबराची पट्टी घट्ट धरून वरून खाली एकच हात मारायचा की खालच्या कागदावर अक्षरं उमटतात. मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. छपाई माझ्याकडे आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं आमच्या ह्यांच्याकडे, म्हणजे विलासरावांकडे, कारण मला ते जमत नाही.

आता इथली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. उज्जैनमध्ये लग्न ठरलं की पहिली पत्रिका चिंतामण गणपतीला जाते. मामा, काका, व्याही, सगळे नंतर. पहिलं बोलावणं त्याला. पुष्कळ गिऱ्हाइकं बाहेरगावची असतात, त्यांना येणं जमत नाही, म्हणून सासऱ्यांनी दुकानाचीच पद्धत पाडली — कुणाचीही छपाई झाली की गठ्ठ्यावरची पहिली पत्रिका उचलायची, चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं आणि वेगळी ठेवायची. बुधवारी मी त्या सगळ्या घेऊन चिंतामणला जाते. हे इतकं अंगवळणी पडलंय की विलासरावांचा हात झोपेतही हळद-कुंकवाच्या वाटीकडे जाईल.

आता माझा दादा. माझा थोरला भाऊ, नानाखेड्याला राहतो, सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेला. माणूस सरळ, पण प्लास्टरसारखा... एकदा बसला की हलायचा नाही. त्याची एकुलती एक मुलगी मुक्ता. चांगली इंदूरला कंपनीत नोकरी करत होती, ती सोडली आणि भिंती रंगवायला लागली. म्हणजे चित्रं काढायला हो! पुलाखाली, बसस्टँडशेजारी, शाळांच्या कंपाउंडवर, हातभर ब्रश घेऊन शिडीवर चढून. चित्राखाली स्वतःचं नाव घालत नाही, ‘फिरकी’ अशी सही करते. कॉलेजची पोरं त्या चित्रांसमोर उभं राहून फोटो काढतात. पोरगी नाव काढतेय, हे आमच्या गल्लीतल्या चहावाल्यालाही कळलं होतं.

दादाला सोडून.

तो भांडला नाही, ओरडला नाही. फक्त त्या विषयावर बोलणंच बंद केलं. मुक्ता घरी आली की “जेवलीस?” आणि निघाली की “हेल्मेट घे”, एवढंच. वहिनी मध्ये पडल्या तेव्हा म्हणाला, “भिंतीला प्लास्टर हवं, पुट्टी हवी, रंग हवा. चित्र कशाला हवं? आणि तुम्ही सगळे घरचे, तुम्ही तिचं कौतुकच करणार. आमच्या खात्यात थर्ड पार्टी इन्स्पेक्शन, बाहेरच्या माणसाची तपासणी, झाल्याशिवाय कुठलंच काम पास होत नाही.” आणि कहर म्हणजे, ज्या रस्त्यावर तिची भिंत असेल तो रस्ताच टाळायचा! भाजीला जायचं तरी गल्लीबोळातून लांबचा फेरा मारून. मुक्ता हे सगळं हसून सांगायची. पण एकदा दुकानात जाळी धूत असताना मला म्हणाली, “आत्या, बाबांनी शिव्या दिल्या असत्या ना, तरी चाललं असतं गं. निदान बघून तरी शिव्या द्यायच्या.” तेव्हा मात्र ती हसत नव्हती.

तर तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली, दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही आणि अशात मुक्ता आली. “आत्या, माझ्या एका भिंतीचा प्रिंट काढायचाय. लिमिटेड एडिशन. तीसच प्रती.”

“तीस? अगं, जाळी तयार केलीच आहे तर शंभर काढू. कागद का कमी आहे?”

“नाही, तीसच. नंतर जाळी धुऊन टाकायची. परत कधीच छापायचं नाही.”

माझा जीव वरखाली झाला. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळच्या गणपतीची जाळी अजून जपून ठेवली आहे, आणि ही म्हणते धुऊन टाक! वर प्रत्येक कागदाखाली नंबर घालायचा, एक भागिले तीस, दोन भागिले तीस... तोही पेन्सिलीनं. शाई पक्की आणि नंबर पेन्सिलीनं, अजब कारभार. पण पोरीनं समजावलं की याची किंमतच त्यात आहे, प्रत्येक प्रत हातानं काढलेली आणि मोजकी. मी म्हटलं, अशा हातानं मी पंचवीस वर्षं पत्रिका छापून राहिली, मला तर कुणी नंबर घाल म्हटलं नाही.

चित्र कुठलं, ते सांगायचंच राहिलं. एक दांडगा माणूस शाळेच्या फाटकाशी उभा आहे, आपल्याकडे पाठ करून. डोक्यावर टक्कल, मान ताठ, इस्त्रीचा शर्ट... आणि खांद्यावर मांजराचं चित्र असलेलं इवलंसं गुलाबी दप्तर. बस, एवढंच. मी बघितलं आणि मोठ्यानं हसले. आमचा दादा! रोज ऑफिसातून मधेच निघून मुक्ताला शाळेतून आणायचा आणि तिचं दप्तर स्वतः घ्यायचा. हाताखालची माणसं बघतील याचीसुद्धा पर्वा नाही. हे चित्र मुक्तानं वर्षभरापूर्वी सरकारी शाळेच्या भिंतीवर काढलं होतं. अख्ख्या उज्जैननं बघितलं होतं, आणि ज्याची पाठ होती तो लांबच्या रस्त्यानं भाजी आणत होता.

“पहिली प्रत बाबांची,” मुक्ता म्हणाली. “पुढच्या महिन्यात फ्रीगंजच्या एका कॅफेत, वरच्या मजल्यावर माझं प्रदर्शन आहे. ते आले तर हातात देईन. नाही आले तर... ठेवीन तशीच.”

चार रंग, चार जाळ्या. एक रंग छापायचा, वाळवायचा, मग बरोबर त्याच्या जागेवर दुसरा. मी सगळं कसब पणाला लावलं. जरा इकडेतिकडे झालेले कागद मुक्ता टराटरा फाडायची आणि मी डोळे मिटून घ्यायची. शेवटी तीस प्रती झाल्या. मुक्तानं बसून नंबर घातले, सह्या केल्या, प्रत्येकीवर बटर पेपर ठेवला आणि माझ्या डोळ्यांदेखत चारही जाळ्या धुतल्या. मग ती घरी गेली आणि मी वरण लावायला वर गेले.

तेवढ्यात विलासराव बाहेरून आले. टेबलावर नवा गठ्ठा. पहिला कागद उचलला. चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. गुंडाळून लाल धागा बांधला आणि चिंतामणच्या पिशवीत ठेवून दिला.

कळलं ना?

नंतर त्यांना विचारलं, “अहो, तुम्हाला दिसलं नाही का, ही काय लग्नपत्रिका आहे?” तर म्हणतात, “अगं, हल्लीच्या पोरांच्या पत्रिकांवर कार्टून असतात, विमानाची तिकिटं असतात. मला वाटलं, हा पाठमोरा उभा आहे तो मुलीचा बाप असेल!” आता हे चूक तरी कसं म्हणू, मुलीचा बाप तर तो होताच!

पण माझंही त्यात काही कमी नाही. बुधवारी चिंतामणला गेले, नेहमीच्या पत्रिका दिल्या, तर ही मोठी गुंडाळी ताटात राहीना, सारखी घरंगळायला लागली. मी धागा सोडला. कोरी बाजू वर होती, उलटून बघण्याचे कष्ट घेतले नाहीत. मागे रांग, ढकलाढकली. सरळ चार घड्या घातल्या आणि सवयीप्रमाणे अंगठ्याच्या नखानं घडी कडक दाबून काढली. आमच्या धंद्यात घडी म्हणजे घडी. परत उलगडून सपाट होईल अशी घडी मी आयुष्यात घातलेली नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

मुक्ता प्रती न्यायला आली तेव्हा सगळा उलगडा झाला. दोन नंबरपासून सुरुवात! विलासराव भिंतीला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, “मुक्ते, रडू नकोस. मी परत जाळी करते, एक प्रत काढते, कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“मला कळेल ना, आत्या.”

मी तशीच चिंतामणला धावले. तिथल्या गुरुजींनी एक खोली दाखवली. लग्नसराईच्या पत्रिका, ढीगच्या ढीग, पोती भरून बाहेर चाललेली. मी दोन-चार पोत्यांत हात घालून बघितला. गुरुजी हसायला लागले. “बहनजी, न्योता दे दिया ना? अब कोई वापस थोड़े ही माँगता है।” मी काय झालं ते सांगितलं. “तो फिर प्रदर्शनी में एक कुर्सी ज्यादा लगवा देना,” असं म्हणून ते आपल्या कामाला लागले.

घरी येऊन सांगितलं तर मुक्तानं आधी डोळे पुसले आणि मग तिला हसू फुटलं. “चला, एक तरी पाहुणा पक्का झाला!” म्हणाली.

प्रदर्शनाचा रविवार आला. दुपारची वेळ, छान कोवळी थंडी, वरच्या मजल्यावर खिडक्यांतून ऊन आलेलं. भिंतीवर ओळीनं तिची चित्रं, मधोमध हा प्रिंट. म्हणजे दोन नंबरचा. त्याच्या शेजारी एक रिकामी क्लिप मुक्तानं मुद्दाम टांगून ठेवली होती. पोरं, मैत्रिणी, इंदूरहून आलेली काही मंडळी, चांगली गर्दी जमली. वहिनी आल्या. एकट्याच.

“टीव्ही बघत बसलेत,” वहिनी हळूच म्हणाल्या. “मी तीनदा विचारलं, शुभा. शेवटी म्हणाले, तू जा, उशीर होईल.”

मुक्ता सगळ्यांशी बोलत होती, हसत होती, पण जिन्यावर पाऊल वाजलं की तिची मान वळायची. दर वेळी. एकदा पाणीवाला आला, एकदा कुणाचा तरी मित्र. मला वाटलं, आत्ता स्कूटर काढावी, नानाखेड्याला जावं आणि दादाला कानाला धरून आणावं. थोरला असला म्हणून काय झालं!

आणि मग दादा आला.

डोक्यावर हेल्मेट तसंच, इस्त्रीचा शर्ट, धापा टाकतोय, हातात एक गुंडाळी. दारात उभा राहून सगळ्या खोलीभर नजर फिरवली आणि पहिलं वाक्य काय बोलावं? “ते वर आले का?”

“कोण, दादा?”

“अगं, ते गृहस्थ. माझ्यासोबत आलेले. खाली म्हणाले, हे जरा धरा, तुम्ही गाडी लावून या, मी होतो पुढे. मला वाटलं, मी गाडी लावेपर्यंत वर आले असतील.”

कुणीच आलं नव्हतं. मी खाली जाऊन बघून आले. रस्त्यावर भजी खाणारी पोरं होती आणि दादाची स्कूटर होती. बस.

दादानं जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहिते. माझा दादा गोष्टी रचणारा माणूस नाही. त्याला गोष्ट सांगताही येत नाही, सगळं मोजमाप घेतल्यासारखं सांगतो.

घरी बेल वाजली. दारात साधारण त्याच्याच वयाचे एक गृहस्थ, चष्मा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात ही गुंडाळी. आपल्यासारखंच इथलं मराठी. म्हणाले, “मुक्ताच्या कार्याचं बोलावणं आलंय मला. फ्रीगंजला आहे म्हणतात, पण जागा काही मालूम नाही. तुम्ही निघतच असाल ना? मला मागे बसवून घ्या.”

दादाला वाटलं, वहिनींच्या माहेरचं कुणी असेल. आता तुम्हीच सांगा, दारात आलेल्या पाहुण्याला काय सांगणार? की माझ्याच मुलीच्या कार्याला मीच जात नाहीये? दादा म्हणतो, “तोंडच उघडेना माझं. मी म्हटलं, हो हो, निघतोच आहे, शर्ट बदलतोय फक्त.” आणि आत जाऊन खरंच शर्ट बदलला!

स्कूटरवर बसल्यावर ते गृहस्थ म्हणाले, सरळ रस्त्यानं चला, लांबून कशाला? झालं... सरळ रस्ता म्हणजे मुक्ताच्या भिंतींचा रस्ता. प्रत्येक चित्रापाशी, “थांबा ना जरा.” दादा थांबला. शाळेच्या कंपाउंडपाशी तर ते चक्क उतरले. भिंतीजवळ गेले, बोटांनी प्लास्टर ठोकून बघितलं, कान लावला आणि म्हणाले, “तुमच्या वेळचं काम दिसतंय.”

होतं. ती भिंत दादाच्याच देखरेखीखाली बांधलेली होती, मुक्ता समोरच्याच शाळेत जायची तेव्हा. हे आमच्या घरातही कुणाच्या लक्षात नव्हतं.

“पक्कं आहे. म्हणून तर पोरीचा रंग टिकलाय. नाहीतर एवढ्या पावसात पोपडे पडून गेले असते.” आणि मग त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघून म्हणाले, “तुम्हीच आहात हो हे. एवढा वेळ मागे बसलोय ना, ही मान मला पाठ झालीय.”

एवढं सांगून दादानं हेल्मेट काढलं, रुमालानं टक्कल पुसलं. आणि आपल्याच प्रिंटसमोर उभा राहून तो चष्मा शोधायला लागला, तेव्हा मागे एक पोरगी फिस्सकन हसली. मग दुसरं कुणी. सगळ्या खोलीला एकदम दिसलं... चित्रात तीच मान, तेच टक्कल, तोच ताठा, आणि चित्रासमोर तसाच्या तसा माणूस! कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दादाला कळेना, टाळ्या कुणासाठी, म्हणून तोही वाजवायला लागला.

मुक्ता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दादानं चष्मा लावला, नाक कागदाला लागेल इतका वाकला, बराच वेळ बघितलं.

“दप्तराच्या पट्ट्याला गाठ होती,” तो म्हणाला. “तुटला होता पट्टा. मीच गाठ मारली होती. तू दाखवली नाहीस.”

“राहिली, बाबा.”

“भिंतीवरही नाहीये. आत्ताच बघून आलोय.”

“भिंतीवर काढते ना उद्या जाऊन.” आणि मग माझी भाची त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि दादा सगळ्यांसमोर अवघडून तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिला. वहिनी, मी, विलासराव, कुणाचेच डोळे कोरडे नव्हते. विलासरावांचे तर सगळ्यात ओले होते.

मग कुणाला तरी त्याच्या हातातल्या गुंडाळीची आठवण झाली. दादानं उघडली. तेच चित्र. चार कोपऱ्यांना हळद-कुंकू, त्यातला डावीकडचा खालचा ठिपका फराटलेला. विलासरावांचा तो कोपरा नेहमीच फराटतो. खाली पेन्सिलीनं, मुक्ताच्या अक्षरात, एक भागिले तीस. आणि घडी नाही.

मी प्रिंट खिडकीच्या उन्हात धरला. तिरपा धरला, उलटा धरला, बोट फिरवलं. घडीची रेघ नाही, शाईला तडा नाही. जसा वाळवायच्या रॅकवरून उतरवला होता तसा सपाट कागद. इतर सगळे दादाकडे बघत होते, त्यामुळे मी काय बघतेय ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता तुम्ही विचाराल ते सगळं आम्ही स्वतःला विचारून झालंय. गुरुजींकडे गेले. त्यांनी कुणाला काही दिलं नव्हतं. बरं, समजा, कुणी सज्जन माणसानं ढिगातून तो प्रिंट उचलला. पण त्याच्यावर सही फक्त ‘फिरकी’ची. मुक्ता हे नाव कुठून कळलं, दादाचं घर कुठून कळलं? वहिनींच्या माहेरी विचारलं, असं कुणीच नाही. मुक्ताच्या मित्रमंडळींना शपथा घातल्या. कुणी नाटक केलं म्हणावं, तर घडीचं काय? त्याच जातीचा कागद मी घेतला, तीच शाई चढवली, घडी घातली. मग वजनाखाली ठेवला, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवली, जे जे सुचलं ते केलं. रेघ राहिली ती राहिलीच.

कॅफेच्या दारावरचा कॅमेराही बघितला. त्यात दादा येताना दिसतो, पण स्कूटरचा मागचा भाग नेमका विजेच्या खांबाआड! दादा मागे मान वळवून काहीतरी बोलतो आणि हसतो. खळखळून. खरं म्हणाल तर आमच्या घरच्यांना तेवढीच गोष्ट अमानवीय वाटली, असा दादा आम्ही कधी बघितला नव्हता. मग खांबाआडून गुंडाळी त्याच्या हातात येते. देणारा हात खांबानं झाकलेला. पुढे बराच वेळ ते चित्रण बघत बसलो. खांबाच्या पलीकडून कुणी बाहेर पडलेलं दिसत नाही.

विलासराव मला म्हणतात, “अगं, सरळ आहे, बोलावलं होतं, आला.” ते हात जोडून मोकळे होतात. मला तसं मोकळं होता येत नाही. गणपती चष्मा लावून नानाखेड्याला बेल वाजवतो, हे माझ्या गळी उतरत नाही. आणि दुसरंही काही उतरत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

हल्ली मुक्ता नवी भिंत घ्यायची असली की आधी दादाला नेते. तो भिंत ठोकून बघतो, ओल कुठे आहे सांगतो, प्लास्टर करणाऱ्यांच्या नावानं खडे फोडतो, आणि शिडी धरून उभा राहतो. दोघं दिवसभर वाद घालतात. परवा मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. मुक्ता वर रंगवत होती. मी दादाला हळूच विचारलं, “दादा, खरं सांग, तुला काय वाटतं? कोण असतील रे ते?”

दादानं शिडी सोडली नाही.

“ते मला नाही माहीत,” तो म्हणाला. “पण घाईघाईत मी त्यांना घरातसुद्धा घेतलं नाही, शुभा. माझ्या मुलीच्या कार्याला आलेला माणूस, आणि मी साधा चहा विचारला नाही.”